भोग आहे, दोष नाही

पुनर्जन्म सिद्ध करायला न्यायदर्शनाने साक्षीला बोलावलंय ते एका तान्ह्या बाळाला. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा युक्तिवाद येतो. नुकतं जन्मलेलं मूल हसतं, दचकतं, रडतं, कुणी न शिकवता दूध ओढू लागतं. या जन्माचा तर त्याला काहीच अनुभव नाही. मग हा हर्ष, ही भीती, ही ओढ आली कुठून? मागच्या जन्मीच्या संस्कारांतून. यावर प्रतिपक्ष म्हणतो, कमळ जसं उमलतं आणि मिटतं, तसंच हेही. सूत्रकार ऐकत नाहीत. कमळाच्या उमलण्यामिटण्याला ऊन, थंडी, पाऊस अशी कारणं असतात, मग बाळाच्या दचकण्यालाही कारण हवंच, असं ते बजावतात.

मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. अभ्यासक्रमात नसला तरी हा वाद वर्गात सांगते, कारण मुलं त्यावर कडाकडा भांडतात. माझं त्या साक्षीदार बाळाशी मात्र जरा जवळचं नातं आहे. आठवत नसलेल्या गोष्टीचं फळ भोगणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

मी १९९८ साली मिरजेत जन्मले ती निळसर रंगावरच. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची, महाधमनीची आणि फुफ्फुसधमनीची, अदलाबदल झालेली होती. त्यामुळे फुफ्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त पुन्हा फुफ्फुसांकडेच जायचं आणि ऑक्सिजन संपलेलं रक्त पुन्हा शरीरात फिरायचं. जन्मापूर्वीचे जे मार्ग दोन्ही रक्तांना थोडं मिसळू देतात, ते उघडे असतील तोवरच अशा मुलाचा टिकाव. मला मुंबईला नेलं आणि तीन आठवड्यांची असताना माझं ऑपरेशन झालं. दोन्ही वाहिन्या कापून योग्य जागी जोडायच्या आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही उचलून नव्या जागी बसवायच्या, असं ते काम. ही शस्त्रक्रिया १९७५ साली ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केली. उशीर करून चालत नाही, कारण डाव्या कप्प्याला जोर लावायची गरजच न पडल्याने काही आठवड्यांत तो दुबळा होतो. शस्त्रक्रियेत अंग थंड करतात, रक्त यंत्रातून फिरवतात आणि हृदय थांबवतात. आजीच्या भाषेत, तेवढा वेळ मी देवाकडे होते.

त्याच सुमारास आजीने नृसिंहवाडीच्या दत्ताला गुळाची तुला बोलून ठेवली. रुग्णालयाच्या पायरीवर भेटलेल्या कुणा बाईने सांगितलं म्हणून आईने वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचं बाळ वाहिलं. बाबा कुठल्याच देवाला काही बोलले नाहीत, पण रक्त द्यायला कारखान्यातल्या मित्रांना घेऊन गेले. घरी आणताना एका डॉक्टरांनी आईला सांगितलं, “आता ही चारचौघींसारखी मुलगी. झालं ते विसरून जा.” शस्त्रक्रिया उत्तम झाली होती आणि हृदयापुरतं ते वाक्य खरंच ठरलं. आजही माझा इको डॉक्टरांना समाधान देतो.

बाकीचं हळूहळू दिसू लागलं. चालायला उशीर झाला. बोलायला नाही झाला. बोलण्यात मी पटाईत होते, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. पण बुटाची नाडी, शर्टाची बटणं, अंगावर येणारा चेंडू यांच्याशी माझं कधी जमलं नाही. फळ्यावरचं वहीत उतरवताना मी ओळी गाळायची. कविता एका वाचनात पाठ, पण भूमितीची आकृती काढायला सांगितली की हात थांबायचा. आईने एका दमात तीन कामं सांगितली तर पहिलं करून मी तिथेच उभी. शाळेत माझं नाव ‘वेंधळी’ पडलं. पीटीच्या तासाला मला झाडाखाली बसवत, कारण बाबांनी लिहून दिलं होतं, “पळू देऊ नये.” रात्री मी छातीवर हात ठेवून ठोके ऐकायची. बारावीच्या परीक्षेआधी छाती धडधडून श्वास कोंडला, तेव्हा सगळे मला घेऊन धावत दवाखान्यात गेले. ईसीजी स्वच्छ निघाला. “काही नाही, मनाचं आहे,” असं सांगून घरी पाठवलं. मनाचं असलं की ते काही नसतं, हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धांत.

घरी या सगळ्याची दोन उत्तरं तयार होती. पहिलं आजीचं: “भोग होता पोरी, तो भोगून सरला. राहिला असेल थोडा, तोही सरेल.” दुसरं सगळ्यांचं: “जीव वाचला हेच पुष्कळ.” दोन्ही उत्तरं प्रेमाने दिलेली. पण त्यांच्यानंतर पुढचा प्रश्न विचारायला जागाच उरत नसे.

एम.ए. करताना पुण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी माझ्यासमोर रेघांची एक गुंतागुंतीची आकृती ठेवली आणि ती पाहून तशीच काढायला सांगितली. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली तयार केलेली ती चाचणी आहे. बहुतेक माणसं आधी मोठा आयत काढतात आणि मग आतले तपशील भरतात. मी एका कोपऱ्यातून सुरुवात केली आणि तुकडा तुकडा जोडत गेले. शेवटी तुकडे सगळे होते, आकृती नव्हती. बाईंनी लहानपणीच्या आजारपणाबद्दल विचारलं. ऑपरेशनचं सांगताच त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुमच्या बुद्धीत काही कमी नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे तुमच्या एकटीचं नाही.”

खरंच नव्हतं. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात माझ्याचसारखा दोष असलेल्या १७१ तान्ह्या बाळांचा एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रियेत रक्ताभिसरण पूर्ण थांबवावं की यंत्राने मंद चालू ठेवावं, हे ठरवण्यासाठी. जेन न्यूबर्गर आणि डेव्हिड बेलिंजर यांच्या गटाने ती मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. तोवर दोन पद्धतींमधला फरक बराचसा पुसला गेला होता आणि सरासरी बुद्ध्यांकही सर्वसामान्यांच्या जवळपासच होता. पण लक्ष, नियोजन, आकृती आणि जागेचं भान, समोरच्याच्या मनातलं ओळखणं यांत अडचणी होत्या. जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना शाळेच्या वयात अभ्यासाची किंवा वागणुकीची खास मदत घ्यावी लागली होती. मनाचं चित्र आणखी स्पष्ट झालं ते माझ्यापेक्षा अवघड दोष असलेल्या, हृदयाचा एकच मोठा कप्पा कामी येणाऱ्या मुलांमध्ये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा किशोरवयीन मुलांपैकी ६५ टक्क्यांना कधी ना कधी चिंता, लक्षाचा विकार किंवा तत्सम मानसिक आजाराचं निदान झालं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत हे प्रमाण २२ टक्के होतं.

आणि याची सुरुवात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही. पोटात असतानाच अशा बाळाच्या मेंदूकडे हवं तसं रक्त जात नाही. माझ्या दोषात तर वारेकडून आलेलं ऑक्सिजनने समृद्ध रक्त मेंदूऐवजी फुफ्फुसांकडे वळतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या अशा मुलांचे मेंदू शस्त्रक्रियेआधी तपासले, तेव्हा ते वाढीत साधारण महिनाभर मागे असल्याचं दिसलं. पुढे ऑपरेशन, अतिदक्षता विभागातले दिवस, भूल, झटके, आईच्या कुशीपासूनची ताटातूट यांची भर पडते. आणि त्यावर घरच्यांची भीती, जी मुलाला झाडाखाली बसवते.

इथवर विज्ञान झालं. त्याने ‘कसं’ सांगितलं. पण आजीचा प्रश्न ‘कसं’चा नव्हताच. तिचा प्रश्न होता, “हिलाच का?” दर्शनकारांचा प्रश्नही तोच. कर्मसिद्धांत मांडणाऱ्यांपुढे दोन आपत्ती असतात. केलेल्या कर्माचं फळ न मिळणं हा कृतनाश आणि न केलेल्या कर्माचं फळ भोगावं लागणं हा अकृताभ्यागम. सृष्टीत न्याय आहे असं मानायचं, तर दोन्ही टाळायला हवेत. आणि अकृताभ्यागमाचं सगळ्यात टोकदार उदाहरण कोणतं? दुखण्यासह जन्मलेलं मूल. त्याने या जन्मी काहीच केलेलं नाही. म्हणून मागचा जन्म हवा. थोडक्यात, सृष्टीचा न्याय शाबूत ठेवण्यासाठी तान्ह्या बाळाला गुन्हेगार ठरवावं लागतं.

तर्काची शिक्षिका म्हणून मला यात एक भेग दिसते. ज्या कृत्याची कर्त्याला खबर नाही आणि जे ओळखायचा कोणताही मार्ग नाही, त्याची शिक्षा ही शिक्षा राहत नाही. ती नुसती वेदना उरते. गर्भोपनिषदाला ही अडचण जाणवली असावी. त्यात नवव्या महिन्यात गर्भाला सगळे मागचे जन्म आठवतात, आपली बरीवाईट कर्मं कळतात, आणि जन्मताना वैष्णव वायूचा स्पर्श होताच तो ते सगळं विसरतो. म्हणजे खबर होती, पण काढून घेतली. कल्पना विलक्षण आहे. पण न्याय करायचाच असेल, तर आरोपपत्र वाचून दाखवून मग ते आरोपीच्या मनातून पुसून का टाकायचं, याचं उत्तर तिथेही मिळत नाही.

तरीही मी कर्मसिद्धांत सगळाच टाकून देऊ शकत नाही. कारण त्याचा अर्धा भाग माझ्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. त्या तीन आठवड्यांचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. तरी त्याचं फळ रोज माझ्या हातात असतं: नकाशा उलटा धरताना, रात्री ठोके ऐकताना, इकोच्या तारखेआधी जेवण न जाताना. अनुभव गेला, स्मृती कधी नव्हतीच, संस्कार मात्र उरला. माझ्यापुरता पूर्वजन्म म्हणायचा तर तो हाच. आठवणीच्या पलीकडे घडलेलं आपल्यात फळतं, हे आपल्या पूर्वजांनी नेमकं ओळखलं होतं. त्यांनी त्यात दोष मिसळला, तिथे मी थांबते. भोग आहे, हे मान्य. त्यामागे दोष आहे, हे अमान्य.

या भेदाला आपल्याकडेच जुना आधार आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध कारणं मोजून दाखवतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूंचा पालट, स्वतःकडे केलेली हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळ्याचं खापर पूर्वकर्मावर फोडणारे आपल्याला ठाऊक असलेल्यापलीकडे जाऊन बोलतात, असं ते सांगतात. बाबासाहेब आंबेडकर त्याहून पुढे गेले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागल्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आणि अशा सिद्धांताने राज्य आणि समाज गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकू शकतात, हे दाखवून दिलं. निळ्या बाळाच्या बाबतीतही हेच होतं. प्रारब्ध म्हटलं की तपासणी कुणी करायची, खर्च कुणी द्यायचा, शाळेने काय बदलायचं, हे सगळे प्रश्न मावळतात.

दोषाचा माग काढणारे मुलापाशी थांबतही नाहीत. माझ्या आईला एका नातेवाईक बाईंनी विचारलं होतं, “ग्रहणात काही चिरलं होतंस का?” जन्मजात हृदयदोष असलेल्या बहुतेक मुलांत एकच एक असं कारण सापडत नाही. काहींत जनुकीय बदल असतात, काहींत आईचा मधुमेह किंवा गर्भारपणात झालेला रुबेला. ग्रहणाचा आणि भाजीच्या सुरीचा काही संबंध नाही. पण आईच्या मनातून तो प्रश्न गेला नाही. कितीतरी वर्षं ती माझे ओठ पाहत असे, निळे झालेत का म्हणून. मुलाच्या मनाची घडण आईबापांच्या ताणावर किती अवलंबून असते, हे आता डॉक्टरही सांगतात. तेव्हा ‘ग्रहणात काय केलंस’ हा प्रश्न फक्त आईला लागत नाही, तो मुलापर्यंत पोचतो.

जे आठवत नाही त्याला काही किंमत आहे का, या प्रश्नावर वैद्यकशास्त्रातही एक काळ गेला. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर अनेकदा पुरेशा वेदनाशामकाशिवाय, हालचाल बंद करणारी औषधं देऊन मोठ्या शस्त्रक्रिया होत. मज्जासंस्था कच्ची, वेदना नीट जाणवत नसणार; जाणवली तरी आठवणार नाही, असं समर्थन होतं. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेतलेले कनवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये हे तपासलं. हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बांधायची शस्त्रक्रिया होणाऱ्या, दिवस न भरलेल्या बाळांपैकी ज्यांना फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक मिळालं, त्यांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कमी होती आणि पुढची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला आणि नवजात बाळांना भूल देण्याची रीत बदलू लागली. मला त्यात एक नैतिक सिद्धांत दिसतो: वेदना ही ज्याला होते त्या देहाची असते, तिला आठवणीचा दाखला लागत नाही. मी जन्मले त्याच्या अकरा वर्षं आधी हे कुणी तरी मोजून दाखवलं, याचं मला फार बरं वाटतं.

आता दुसरं उत्तर: “जीव वाचला हेच पुष्कळ.” हे मला पहिल्यापेक्षा अवघड जातं, कारण ते खरं आहे. माझ्याच दोषाची कितीतरी मुलं निदानाआधीच जातात. मी कृतज्ञ आहे. सर्जनची, नर्सची, रक्त दिलेल्या कामगारांची, दत्ताचीही. नृसिंहवाडीचा तो फोटो माझ्याकडे आहे. एका पारड्यात गुळाची ढेप, दुसऱ्यात रडणारी मी. देणं फिटलं म्हणून आजी हसते आहे. पण मुलाच्या मनात ते देणं कधी फिटत नाही. ज्याचा जीव एवढ्या खटपटीने वाचवला, त्याने गणित येत नाही म्हणून कुरकुर करायची नसते, भीती वाटते असं म्हणायचं नसतं. कृतज्ञतेने तोंड बंद होतं. आणि गप्प राहिलेली भीती वाढत जाते.

भक्ती म्हणजे गप्प राहणं, असं आपल्या संतांनी तरी मानलेलं नाही. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडले, त्याच्यावर रुसले, त्याला टाकून बोलले, आणि म्हणून त्यांची भक्ती कुणाला कमी वाटली नाही. ज्याने जीव दिला त्याच्यापाशीच “हे मला जड जातंय” असं म्हणायचा हक्क वारकरी परंपरेने सगळ्यांना दिला. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलालाही तो आहे. वाचल्याबद्दल हात जोडायचे आणि राहून गेलेल्याबद्दल मदत मागायची, या दोन गोष्टी एकाच दारात करता येतात.

कर्माचे तीन प्रकार सांगतात: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. आपलं सगळं बोलणं पहिल्या दोहोंवर चालतं, आणि हातात असतं ते फक्त तिसरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की, तान्ह्या वयात हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची वाढ, शिकणं आणि मन ठरावीक टप्प्यांवर तपासत राहावं, अडचण दिसण्याची वाट पाहू नये. आपल्याकडेही सोय अगदीच नाही असं नाही. २०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष आणि वाढीतला विलंब, दोन्ही एकाच यादीत आहेत, आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. हृदयाचं काम झालं की आपण फाइल मिटतो, आणि त्याच यादीतल्या दुसऱ्या रकान्यापर्यंत जात नाही.

मला स्वतःला उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. कामं लिहून ठेवणं, आकृतीची आधी चौकट काढणं, धडधड सुरू झाली की ती भीती आहे आणि झटका नाही हे ओळखायला समुपदेशनात शिकणं. आणि डॉक्टरांना विचारून पळायला लागणं. यातलं एकही सातव्या वर्षी अशक्य नव्हतं.

तुमच्या घरात, वर्गात, शेजारी छातीवर उभा वण असलेलं मूल असेल, तर त्याला भोग सरला असं सांगू नका, आणि वाचलास हेच पुष्कळ असंही सांगू नका. त्याच्या आईला ग्रहणाचं विचारू नका. पुढच्या वेळी इको करायला न्याल तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: “याच्या वाढीची आणि मनाची तपासणी कुठे करून मिळेल?” आणि ती करून घ्या.